कोरी उत्तरपत्रिका आणि बंद दार

प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की दोन फौजा समोरासमोर येतात आणि गेल्या वर्षीचीच लढाई पुन्हा लढतात. एका बाजूला परीक्षेचं देव्हारं माजवणारे: गुण म्हणजे बुद्धी, क्रमांक म्हणजे लायकी, मागे राहिला त्याची मेहनत कमी पडली. दुसऱ्या बाजूला परीक्षाच मोडीत काढा म्हणणारे: तीन तासांत माणूस मोजता येतो का, हा त्यांचा सवाल, आणि तो बिनतोड आहे अशी त्यांची समजूत. माझं मत आधीच सांगून टाकतो. जागा एक आणि दारात उभे वीस, अशी स्थिती आहे तोवर निवड होणारच. परीक्षा रद्द केली म्हणून निवड रद्द होत नाही. ती उघड्या मैदानातून उठते आणि बंद खोलीत जाऊन बसते. म्हणून लेखी परीक्षा राहिली पाहिजे. पण एका दिवसाच्या एका गुणावरून आयुष्याची दिशा ठरवण्याची जी सत्ता तिच्या हाती आली आहे, ती मात्र काढून घेतली पाहिजे. दोन्ही फौजांना यातलं अर्धंच ऐकू येतं, असा माझा अनुभव आहे.

या वादात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे परीक्षेचा गुण नेमकं काय सांगतो. पर्सेंटाइल आणि टक्के यांतला फरक शिकलेली माणसंही सर्रास विसरतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली नव्वद उत्तरं बरोबर आली असं नव्हे. परीक्षा दिलेल्या शंभरांपैकी साधारण नव्वद जण तुमच्या मागे किंवा तुमच्या बरोबरीला आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेपर सोपा असो की अवघड, कुणीतरी ९० पर्सेंटाइलवर असणारच. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेचंच बघा. तिचा गुण ४०० ते १६०० या मोजपट्टीवर येतो, आणि तो बरोबर उत्तरांची सरळ बेरीज नसतो. वेगवेगळ्या दिवशीचे पेपर सारख्याच काठिण्याचे नसतात, म्हणून कच्च्या गुणांचं रूपांतर करावं लागतं. २०२४ पासून ती अमेरिकेत पूर्णपणे संगणकावर गेली आहे. प्रत्येक विषयाचे दोन भाग, आणि पहिला भाग कसा सोडवला त्यावरून दुसरा सोपा येणार की अवघड हे ठरतं. तेव्हा दोन मुलांची बरोबर उत्तरं तेवढीच असली तरी गुण वेगळे येऊ शकतात. यात लबाडी काही नाही, पण हे ठाऊक नसलेल्या घरात मात्र ती लबाडीच वाटते. आणखी एक उदाहरण. सॅटमध्ये पूर्वी बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं की पाव गुण कापला जायचा. २०१६ मध्ये तो नियम गेला. आता रिकामं सोडलेलं उत्तर म्हणजे फुकट घालवलेली संधी. ज्याला हे कुणी सांगितलं नाही तो प्रामाणिकपणे प्रश्न सोडून देतो. ज्याला सांगितलं तो शेवटच्या मिनिटाला सगळे गोल काळे करतो, आणि संगणक असेल तर टिचक्या मारतो. महागडे क्लास विद्या विकतात की नाही हा वेगळा मुद्दा, पण पहिल्या दिवशी ते विकतात ती अशी माहिती. परीक्षा कळणं ही परीक्षेच्या आधीची परीक्षा आहे आणि ती घरातच घेतली जाते.

इथूनच विरोधकांच्या सगळ्यात वजनदार मुद्द्याकडे वळतो. तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. परीक्षेचे गुण आणि घरची श्रीमंती यांचं नातं जगात जवळपास सगळीकडे दिसतं. घरात पुस्तकं, अभ्यासाला वेगळी खोली, चांगली शाळा, पोटाची चिंता नाही आणि वर खासगी शिकवणी, इतकं सगळं एका पारड्यात टाकल्यावर काटा झुकला नाही तरच नवल. शिवाय या परीक्षांचं कूळ काही सोवळं नाही. सॅट पहिल्यांदा १९२६ मध्ये घेतली गेली. ती घडवणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी तीनच वर्षं आधी पुस्तक लिहून वंशावरून बुद्धीची उतरंड मांडली होती. १९३० मध्ये त्यांनीच ते निष्कर्ष मागे घेतले, ही त्यांची दानत. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. आणि भाकिताचं काय? परीक्षेच्या गुणांवरून मूल पुढे पदवी घेईल की नाही हे कितपत सांगता येतं? शिकागोच्या सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांवरचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पदवी पूर्ण होणार का हे शाळेतल्या सरासरी गुणांवरून जितकं कळतं, त्याच्या पाचव्या हिश्शाइतकंच एसीटी या प्रवेश परीक्षेवरून कळतं. चार वर्षं रोज वर्गात बसणं, गृहपाठ वेळेवर देणं, नावडत्या विषयातही तग धरणं हे सगळं त्या सरासरीत उतरतं. एका सकाळच्या पेपरात ते कुठून यावं?

हे सगळं मान्य. तरीही दोन प्रश्न उरतात. पहिला: ही विषमता परीक्षेने निर्माण केली, की परीक्षेने दाखवली? दुसरा, जास्त टोचणारा: परीक्षेच्या जागी जे आणाल त्यात ही विषमता कमी होईल कशावरून?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरधोपट नाही. परीक्षा कधीकधी विषमता खरोखर निर्माण करते, पण बहुधा प्रश्नपत्रिकेतून नव्हे, तिच्याभोवतीच्या नियमांतून. ब्रिटिश अमदानीतल्या सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा हा त्याचा उत्तम नमुना आहे. १८५५ पासून ती खुली होती. कागदावर रंग, धर्म, जात यांची अट नव्हती. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर तीतून निवडले गेले, म्हणजे दार खरोखर बंद नव्हतं. पण परीक्षा फक्त लंडनमध्ये. समुद्र ओलांडून जायचं, तिथे राहायचं, परक्या भाषेत आणि परक्या अभिजात साहित्यात इंग्रज मुलांशी टक्कर द्यायची. त्यात पुढे कमाल वय २१ वरून १९ वर आणलं, तेही १८७८ मध्ये, हिंदी तरुण त्या पेपरांना भिडू लागल्यावर. प्रश्न तेच, तपासनीस तेच, फक्त जन्मतारखेचा रकाना बदलला. परीक्षा भारतातही घेतली जाऊ लागली ती १९२२ मध्ये. आमच्या राष्ट्रीय चळवळीतल्या शहाण्या माणसांनी त्या काळात मागणी काय केली? परीक्षा रद्द करा अशी नव्हे. ती इथेही घ्या आणि वयाची अट सैल करा, अशी. वाटेल त्याला वशिल्याने नेमण्याची आधीची पद्धत कशी होती हे ते विसरले नव्हते. आजच्या परीक्षाविरोधकांनी हा बारकावा लक्षात घ्यावा. केंद्र किती दूर आहे, फी किती, पेपर कोणत्या भाषेत, वर्षातून किती संधी, सरावाचं साहित्य फुकट मिळतं की विकत, या गोष्टींवर भांडायला पाहिजे. ते भांडण कंटाळवाणं असतं, त्यात घोषणा सुचत नाहीत. म्हणून ते कुणी भांडत नाही.

क्लासवाल्यांवर बंदी घाला, हा आणखी एक लोकप्रिय उपाय. दक्षिण कोरियाने तो करून पाहिला आहे. १९८० मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली. शिकवण्या संपल्या नाहीत, लपल्या; आणि लपलेली वस्तू महाग होते, त्यामुळे ती फक्त श्रीमंतांना परवडू लागली. अखेर २००० मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. चीनने २०२१ मध्ये नफ्यासाठी चालणाऱ्या शालेय शिकवण्यांवर असाच बडगा उगारला आणि तिथेही शिकवण्या दारामागे गेल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शिकवणीची भूक परीक्षेतून येत नाही, जागांच्या दुष्काळातून येते. दुष्काळ तसाच ठेवून भुकेवर कायदा करता येत नाही.

आता दुसरा प्रश्न: परीक्षेच्या जागी काय? याचं उत्तर इतिहासाने इतक्या वेळा दिलं आहे, की वादात ते कुणी उच्चारत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. सांस्कृतिक क्रांती सुरू झाली तेव्हा, १९६६ मध्ये, चीनने महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा बंद केली. ती बूर्झ्वा, म्हणजे भांडवलदारी वळणाची आहे, शेतकरी-कामगारांच्या मुलांना बाहेर ठेवते, हा युक्तिवाद. आजच्या पुरोगामी लेखात तो जवळपास शब्दशः बसेल. काही वर्षांनी विद्यापीठं पुन्हा उघडली, पण प्रवेश शिफारशीवर: कामगार, शेतकरी, सैनिक यांच्यातून त्यांच्या गटाने निवडायचं. १९७३ मध्ये गुणांना थोडं महत्त्व देऊन पाहिलं, तेव्हा लियाओनिंग प्रांतातल्या चांग थिएशंग या तरुणाने जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका दिली आणि तिच्या पाठीवर पत्र लिहिलं. मी शेतात राबत होतो, अभ्यासाला वेळ कुठून आणू, आणि पुस्तकात डोकं खुपसून बसलेल्यांना प्रवेश का, असा त्याचा आशय. वर्तमानपत्राने ते छापलं, तो देशाचा नायक झाला, त्याला प्रवेशही मिळाला. पत्रातली तक्रार खोटी नव्हती. राबणाऱ्याला वेळ नसतो, हे खरंच आहे. पण त्या पत्राने गुणांची उरलीसुरली किंमतही गेल्यावर खेड्यातल्या राबणाऱ्या मुलाला जागा मिळाली का? शिफारस करणारा कोण होता? स्थानिक पक्षाधिकारी. आणि त्याची मेहेरनजर कुणावर असायची? मोठ्या पदांवरच्यांच्या मुलांवर. चिनी भाषेत ‘मागचं दार’ हा शब्द त्या काळात घरोघरी झाला.

डिसेंबर १९७७ मध्ये परीक्षा परत आली, तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले. दहा वर्षांचा तुंबलेला लोंढाच तो. शेतांतून, कारखान्यांतून, खाणींतून आलेले. पेपर छापायला कागद पुरेना, तेव्हा माओंच्या निवडक लेखनाच्या पाचव्या खंडासाठी राखून ठेवलेला कागद त्यासाठी वापरला गेला. जागा मिळाली शंभरातल्या पाचालाही नाही. तरीही त्या पिढीची माणसं त्या हिवाळ्याविषयी बोलतात ती कृतज्ञतेने. ज्यांना परीक्षेत केवळ जुलूम दिसतो त्यांनी या कृतज्ञतेचा अर्थ लावून दाखवावा.

हुकूमशाहीतलं उदाहरण लोकशाहीला कशाला, असं कुणी म्हणेल. मग हार्वर्डचं घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता, आणि परीक्षेत ज्यू स्थलांतरितांची मुलं भराभर पुढे येत होती. १९२२ पर्यंत नव्या वर्गात पाचांतला एकाहून अधिक विद्यार्थी ज्यू असायचा. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी सरळ मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला; प्राध्यापकांनी तो फेटाळला. मग काय केलं? १९२६ पासून निवडीत ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन आलं. फोटो, शिफारसपत्रं, मुलाखती. नुसते गुण नकोत, संपूर्ण माणूस पाहू. शब्द किती उमदे! आणि ज्यूंचं प्रमाण कुणालाही न दुखावता खाली आलं. आज ज्या ‘समग्र मूल्यमापना’ची इतकी स्तुती होते, त्याच्या जन्माची ही कहाणी आहे. त्यावरून आजचं प्रत्येक समग्र मूल्यमापन पक्षपाती ठरत नाही, हे कबूल. पण ‘व्यक्तिमत्त्व’ या शब्दाला तपासनीस नसतो, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज नसतो, आणि बहुतेक वेळा ते निवडणाऱ्याच्या स्वतःच्या व्यक्तिमत्त्वासारखंच निघतं.

शिक्षकांच्या हाती द्या म्हणणाऱ्यांसाठी ब्रिटनने महासाथीत एक नैसर्गिक प्रयोगच करून ठेवला आहे. २०२० मध्ये तिथल्या ए-लेव्हल, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांनी दिलेले अंदाजी गुण एका गणिती सूत्राने ‘दुरुस्त’ केले गेले, आणि इंग्लंडमधल्या सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. शाळेचा जुना निकाल वाईट असेल तर हुशार मुलालाही त्याची शिक्षा, असं ते सूत्र. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारने सूत्र मागे घेतलं. बरोबरच झालं. पुढच्या वर्षी सगळं शिक्षकांवर सोपवलं. महासाथीआधी सर्वोच्च दोन श्रेणी साधारण २५ टक्के उत्तरपत्रिकांना मिळत. २०२१ मध्ये त्या जवळपास ४५ टक्क्यांना मिळाल्या. ही गुणांची खिरापत सगळ्यांना सारखी वाटली गेली का? महागड्या खासगी शाळांत तो आकडा ७० टक्क्यांपर्यंत गेला आणि सरकारी शाळांशी असलेली दरी आणखी रुंदावली. शिक्षक लबाड होते असं मी म्हणत नाही. फी भरणारा पालक समोर बसलेला असताना त्याच्या मुलाला ‘ब’ देणं कुणालाही जड जातं, एवढंच. लेखी परीक्षेचा अनोळखी तपासनीस निर्दय असतो, कारण त्याला चहाला कुणी बोलावलेलं नसतं.

अमेरिकेतली उलटसुलट तर ताजी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये सॅट-एसीटी टप्प्याटप्प्याने सोडायचं ठरवलं. गंमत म्हणजे त्यांच्याच प्राध्यापकांच्या समितीने त्याआधी अहवाल दिला होता, की हे गुण पहिल्या वर्षातल्या कामगिरीचा अंदाज शाळेच्या गुणांपेक्षा चांगला देतात आणि गरीब घरातली गुणी मुलं हेरायलाही उपयोगी पडतात. विद्यापीठाच्या नियामक मंडळाने तो बाजूला ठेवला. त्याच काळात शेकडो महाविद्यालयांनी गुण ऐच्छिक केले. एमआयटीने मात्र २०२२ मध्ये, आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये परीक्षा परत आणली. डार्टमथचा अनुभव मला सगळ्यात बोलका वाटतो. गरीब वस्तीतल्या शाळेतली मुलं आपले गुण झाकून ठेवत होती. श्रीमंत शाळांच्या मानाने ते कमी दिसत, पण त्यांच्या परिस्थितीत ते असामान्य होते आणि दाखवले असते तर प्रवेशाला मदतच झाली असती. ऐच्छिकतेच्या सोयीने त्यांच्याच पायावर धोंडा पडला. दुसरीकडे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०२३ मधला अभ्यास सांगतो, की परीक्षेचे गुण सारखे असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातल्या मुलाला निवडक बारा विद्यापीठांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक होती. यातला मोठा भाग आला कुठून? माजी विद्यार्थ्याचं अपत्य, भरती केलेला खेळाडू, आणि निबंध-शिफारशींतून दिसणारे ‘इतर गुण’. परीक्षेचा पक्षपात मोजता येतो, म्हणून तो डोळ्यांत खुपतो. निबंधाचा पक्षपात मोजायला संशोधकांना लाखो लोकांची आयकराची कागदपत्रं धुंडाळावी लागली.

शिकागोचा अभ्यास आणि हे निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात जातात असं वाटेल. पण प्रश्न वेगवेगळे आहेत. मूल कोणतंही महाविद्यालय पूर्ण करील का, याचं उत्तर चिकाटीत असतं आणि चिकाटी शाळेच्या सरासरीत दिसते. जिथे प्रत्येक अर्जदाराची सरासरी आधीच कळसाला पोहोचलेली आहे, तिथे ती सरासरी कुणाला कुणापासून वेगळं करणार?

एवढं वाचून देव्हारेवाले खूश झाले असतील तर थोडं थांबावं. जगातली सगळ्यात दीर्घायुषी लेखी परीक्षा चीनची शाही परीक्षा. सुई राजवंशापासून १९०५ पर्यंत, तेराशे वर्षं. सोंग राजवंशाच्या काळात उमेदवाराचं नाव झाकायचे, इतकंच नव्हे तर कारकून बसवून संपूर्ण उत्तरपत्रिका नव्याने उतरवून काढायचे, हस्ताक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून. यापेक्षा कडक निष्पक्षता आणखी काय असते? आणि तरीही शेवटी ती परीक्षा आठ भागांच्या ठरावीक निबंधाच्या साच्यात गोठली. देशातली उत्तम डोकी उमेदीची वर्षं तो साचा भरण्यात घालवत राहिली. वारंवार नापास झालेल्या होंग शिउच्वानने पुढे तायपिंग बंड उभारलं आणि त्यात लाखोंचे, बहुधा दोन कोटींच्या आसपास, जीव गेले. त्याला बिचाऱ्या परीक्षेला जबाबदार धरता येणार नाही. पण मानाकडे जाणारी वाट एकच ठेवली, की त्या वाटेवर अडलेले लोक काय करतील याचा नेम नसतो. निष्पक्ष चाळणी शहाणी असतेच असं नाही, हे त्या तेराशे वर्षांत दिसलं. दक्षिण कोरियात आजही सुनुंग या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेच्या दिवशी इंग्रजी श्रवणाच्या पेपरावेळी विमानांचं उड्डाण थांबवतात, कचेऱ्या उशिरा उघडतात. आपल्याला याचं कौतुक वाटतं. मला ते एका देशाने कबूल केलेल्या भीतीसारखं वाटतं.

कारण जो गुण इतक्या आदराने हाताळला जातो, तो मुळात धूसर असतो. सॅटची मापनातली चूक प्रत्येक विभागात साधारण ३० गुणांची. म्हणजे आज ६५० मिळवणारा विद्यार्थी पुढच्या महिन्यात काहीही न शिकता ६२० ते ६८० मध्ये कुठेही येऊ शकतो. हे परीक्षा घेणारेच सांगतात. निकालासोबत गुणांचा पट्टा देतात. तो पट्टा वाचायची तसदी कुणी घेत नाही. आपण ६५० आणि ६६० यांच्यामध्ये भिंत बांधतो आणि तिला गुणवत्ता म्हणतो. जिथे लाखो मुलं एका पेपराला बसतात आणि यादी एकेका गुणाने सरकते, तिथे शेवटच्या जागेवर आत आलेला आणि एका क्रमांकाने बाहेर राहिलेला यांच्यात कसला फरक असतो? डोकेदुखीचा. समोरच्या बाकावरच्या खोकल्याचा.

म्हणून परीक्षेचं काम उंबरठ्याचं असावं, शिडीचं नको. या अभ्यासक्रमाला लागणारी तयारी मुलाकडे आहे का, एवढं तिने सांगावं. वर्षातून अनेकदा द्यायची सोय असावी, आणि सर्वांत चांगला प्रयत्न धरावा. सरावाचं साहित्य फुकट असावं आणि नियम आठवीतल्या मुलालाही कळतील असे लिहिलेले असावेत. उंबरठा ओलांडणारे जागांपेक्षा जास्त झाले तर? तिथे मी अप्रिय उत्तर देतो: चिठ्ठ्या टाका.

हसू नका. नेदरलँड्सने १९७० च्या दशकापासून २०१७ पर्यंत वैद्यकीय जागा अशाच भरल्या. गुण जास्त त्याला चिठ्ठीत संधी जास्त, पण खात्री कुणालाच नाही. १९९० च्या दशकात जवळजवळ पैकीच्या पैकी गुणांची एक विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा हुकली, देशभर गदारोळ झाला, आणि १९९९ पासून अत्युच्च गुण असलेल्यांना थेट प्रवेश मिळू लागला. पुढे चिठ्ठीच काढून टाकली. त्याऐवजी मुलाखती, प्रेरणापत्रं, निवड चाचण्या आल्या. आणि थोड्याच वर्षांत दिसलं, की नव्या पद्धतीत शिकलेल्या, सधन घरातली मुलं जास्त पुढे जातात; निवडीची तयारी करून देणाऱ्या शिकवण्याही निघाल्या. २०२३ मध्ये तिथल्या कायद्याने चिठ्ठीला पुन्हा परवानगी दिली.

चिठ्ठी हा मेहनतीचा अपमान आहे, असं मला सांगितलं जातं. पण उंबरठ्यापर्यंत पोहोचायला मेहनत लागतेच. त्यानंतर एका गुणाने हुकलेल्या मुलाला आज आपण सांगतो की तू कमी पडलास. चिठ्ठीत हुकलेल्याला निदान खरं सांगता येईल: तू पात्र होतास, जागा कमी होत्या. आणि पात्र मुलांची ती यादी दरवर्षी छापून आली, की जागा कमी का आहेत हे कुणाला तरी विचारावं लागेल.